अमेरिकेचं फार्म बिल: हमीभाव की भावांतर?

तूरडाळ:
फार्म बिलात, म्हणजे अमेरिकेच्या ठरावीक मुदतीच्या शेतीकायद्यात, मक्याची 'रेफरन्स प्राइस' ठरवलेली असते. हा आपल्या हमीभावासारखाच प्रकार का? सरकार माल उचलतं का? आणि शेतकरी दोन टक्क्यांहून कमी असताना हे कायदे पास कसे होतात?

बांधकरी:
माल उचलत नाहीत, बाजारभाव रेफरन्स प्राइसच्या खाली गेला तर फरक देतात. योजनेचं नाव पीएलसी (प्राइस लॉस कव्हरेज). जवळचं नातं मध्य प्रदेशाच्या २०१७च्या भावांतर योजनेशी, पण तिथे मंडीत विकलेल्या मालावर पैसे मिळायचे. इथे 'बेस एकर' धरतात, म्हणजे त्या जमिनीच्या नावावर पूर्वीच्या पेऱ्यावरून नोंदलेलं क्षेत्र. मक्याच्या बेसवर यंदा सोयाबीन पेरलं तरी हिशेब मक्याचाच.

२०१६च्या मक्याचं उदाहरण घ्या. रेफरन्स प्राइस बुशेलला (सुमारे २५.४ किलो) ३.७० डॉलर, हंगामाचा देशभरचा सरासरी भाव ३.३६. फरक ०.३४. बेस १०० एकर आणि नोंदलेला उतारा एकरी १२० बुशेल धरा. पैसे ८५ टक्के बेसवरच मिळतात, म्हणून ०.३४ × १२० × ८५ = ३,४६८ डॉलर. सरकारी खर्चातल्या सरसकट कपातीची कात्री लागते ती वेगळी.

गोची दोन ठिकाणी. तुमच्या गावात भाव कितीही पडला तरी सरासरी देशाची. आणि मक्याचं विपणन वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, म्हणून २०१६च्या पिकाचे पैसे ऑक्टोबर २०१७मध्ये. तोवर कर्जाचा हप्ता थांबत नाही. २०२५च्या जुलैतल्या कायद्याने मक्याची रेफरन्स प्राइस ४.१० केली.

जुनी_फाईल:
राजकारणाची किल्ली १९७३चा कायदा. त्यात फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांची अन्नमदत, शेतीच्या कायद्याला जोडले आणि शहरी खासदारांना मत द्यायला कारण मिळालं. आता बहुतांश खर्च अन्नमदतीचाच. जून २०१३मध्ये प्रतिनिधिगृहात विधेयक १९५ विरुद्ध २३४ मतांनी पडलं: काहींना अन्नमदतीतली कपात कमी वाटली, काहींना जास्त. मग शेतीचा भाग वेगळा काढून जेमतेम पास केला, पण २०१४च्या अंतिम कायद्यात दोन्ही पुन्हा एकत्र.

दुसरा धाक १९३८ आणि १९४९च्या शेतीकायद्यांचा. ते रद्द झालेलेच नाहीत, प्रत्येक नवं बिल त्यांना फक्त स्थगिती देतं. मुदत संपली की शेतमालाच्या १९१०-१४च्या क्रयशक्तीवर बेतलेले आधारभाव परत लागू होणार, आणि पहिला फटका दुधाला. २०१२ संपताना दुधाचा दर दुप्पट होईल या भीतीने ऐनवेळी मुदतवाढ दिली. मुद्दाम ठेवलेलं भूत आहे ते.

सरकी_रुई:
कापसाची गंमत राहिली. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझील २००२मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. २०१०पासून अमेरिका ब्राझीलला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देऊ लागली, २०१४मध्ये आणखी ३० कोटी देऊन तडजोड. त्याच वर्षी रुई मदतीच्या पिकांच्या यादीतून बाहेर काढून विमा दिला. २०१८च्या फेब्रुवारीत पीक परत आत आलं, पण 'सीड कॉटन' म्हणून, तेव्हा रेफरन्स प्राइस पौंडाला ३६.७ सेंट. सीड कॉटन म्हणजे सरकीसकट, आपण ज्याला नुसतं कापूस म्हणतो तोच. भांडण रुईचं होतं, कापसाचं नव्हतं!

तूरडाळ:
जमीन खंडाने कसणाऱ्याला काय?

बांधकरी:
रोख खंड असेल तर पैसे कसणाऱ्याचे, वाट्याने असेल तर हिश्श्याप्रमाणे. पण रेफरन्स प्राइस वाढली की पुढच्या करारात मालक खंड वाढवून मागतोच.