शब्दचर्चा: स्प्रिंगफील्डच्या दुकानांतले 'ड्राय गुड्स', 'ग्रोसरी' आणि 'सब्स्क्रायबर'

तळटीप:
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावावर लेखमाला लिहितोय. काळ १८३० ते १८६०. १८३१ साली तिथे 'संगामो जर्नल' नावाचं साप्ताहिक निघालं, म्हणजे आपल्या 'दर्पण'च्या जेमतेम काही आठवडे आधी. त्यातल्या दुकानदारांच्या जाहिराती मराठीत आणायच्या आहेत. इंग्रजी सोपं आहे, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि वाक्य मात्र लागत नाही. अडलेले शब्द: ड्राय गुड्स, नोशन्स, क्वीन्सवेअर, ग्रोसरी, सब्स्क्रायबर. शिवाय दर १२½ सेंट, १८¾ सेंट असे का? 'ड्राय गुड्स'ला 'सुका माल' लिहून बघितलं, तर घरच्यांनी विचारलं, "बोंबील का?"

पेठकर:
घरच्यांचं बरोबर आहे. ड्राय गुड्स म्हणजे कापडचोपड. मलमल, छीट, फ्लॅनेल, चादरींचं कापड, दोरा, अस्तर. धान्य नाही, सुकामेवा नाही, आणि सुकी मासळी तर नाहीच. 'ड्राय गुड्स स्टोअर'ला 'कापड दुकान' लिहा. पुढे याच कापड दुकानांतून न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाची अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर्स झाली, पण तो तुमचा विषय नाही.

नोशन्सची गंमत आहे. सुया, टाचण्या, बटणं, फिती, कंगवे, लेस, अंगुस्तान, असलं बारीकसारीक सामान. शब्दकोशात 'कल्पना' सापडेल, ती सोडून द्या. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात हेच सामान विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर काय असतं? 'कटलरी'. सुरी-काट्याशी काडीचा संबंध नसलेली आपली कटलरी. नोशन्सला याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

तळटीप:
'कटलरी' छापली तर संपादक म्हणतील काटे-चमचे. पुण्या-मुंबईच्या बाहेर न पडलेला वाचकही तेच म्हणेल.

पेठकर:
मग 'मणेरी सामान' लिहा. जुना शब्द आहे, मणेऱ्याच्या दुकानातून आलेला, आणि काळालाही शोभतो.

कपबशी:
क्वीन्सवेअर: इंग्लंडच्या वेजवुडने १७६० च्या दशकात मलईच्या रंगाची भांडी काढली आणि राणी शार्लटच्या मर्जीने त्यांना हे नाव मिळालं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गावांत पोचेपर्यंत राणी गळून पडली, कुठल्याही बऱ्या कपबशीला, ताटलीला क्वीन्सवेअर म्हणू लागले. 'चिनी मातीची भांडी' पुरे. 'राणीछाप' वगैरे करू नका.

विदर्भवासी:
ग्रोसरी म्हणजे किराणा. यात अडण्यासारखं काय आहे?

खतावणी:
अडण्यासारखं बरंच आहे. एक शब्द, दोन अर्थ, आणि त्या दोन अर्थांवरून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाला भर सभेत खुलासा करावा लागला होता.

पहिला अर्थ तुम्ही म्हणता तोच. जाहिरातीत 'ड्राय गुड्स, ग्रोसरीज, हार्डवेअर' अशी ओळ असेल तर ग्रोसरीज म्हणजे साखर, कॉफी, चहा, काकवी, मीठ, मसाले. इथे 'किराणा' चपखल बसतो, कारण आपल्याकडेही किराणा वेगळा आणि भुसार वेगळा. तिथला शेतकरी मका-गहू स्वतः पिकवायचा, तो दुकानात धान्य घ्यायला नाही, विकायला यायचा.

पण एकवचनात 'अ ग्रोसरी' म्हटलं, तेही त्या काळच्या पश्चिमेकडच्या नव्याने वसत असलेल्या गावात, की बहुतेक वेळा अर्थ दारूचं दुकान. जिथे उभ्या उभ्या पेला मिळतो ते. २१ ऑगस्ट १८५८ ला इलिनॉयमध्येच ऑटावा गावी लिंकन आणि त्याचा सिनेटच्या निवडणुकीतला प्रतिस्पर्धी डग्लस यांची पहिली जाहीर वादसभा झाली. डग्लस बोलता बोलता म्हणाला, आमची ओळख जुनी आहे, मी विंचेस्टरला शाळामास्तर होतो आणि हे सेलममध्ये भरभराटीला आलेले ग्रोसरी-कीपर. लोक हसले. आता याचं 'किराणा दुकानदार' केलंत तर मराठी वाचक विचारेल, यात हसण्यासारखं काय? लिंकनचं उत्तर तर कळणारच नाही. तो म्हणाला, तसं असतं तरी फार मोठं पाप नव्हतं, पण मी जगात कुठेही ग्रोसरी चालवलेली नाही. एका हिवाळ्याच्या शेवटी शेवटी एका छोट्या दारूभट्टीवर काम मात्र केलंय. बघा, किराण्याचा आरोप फेटाळताना कुणी दारूभट्टीची कबुली देईल का? इथे 'गुत्ता' हवा. 'भरभराटीला आलेला गुत्तेवाला'. मग हशा कळतो आणि खुलासाही.

विदर्भवासी:
मान्य. पण त्याचं न्यू सेलमला दुकान होतंच ना? तिथे दारू नव्हती?

खतावणी:
होती. न्यू सेलम हे स्प्रिंगफील्डपासून साधारण २० मैलांवरचं खेडं, तिथे बेरी नावाच्या भागीदाराबरोबर लिंकनचं दुकान होतं. त्या वेळच्या कुठल्याही दुकानात व्हिस्कीचं पिंप असायचंच. मोठ्या मापाने घरी न्यायला विकणं म्हणजे दुकान, पेल्याने तिथेच पाजणं म्हणजे ग्रोसरी, असा फरक. आता पंचाईत अशी की ६ मार्च १८३३ ला बेरी आणि लिंकन या दोघांच्या नावाने पेल्याने विकायचा परवाना निघाला, फी ७ डॉलर. त्यासोबतच्या जामीनपत्रावरची लिंकनची सही त्याच्या हातची नाही असं अभ्यासक मानतात. डग्लसने अगदीच हवेत बाण मारला नव्हता, एवढंच म्हणेन.

त्याच परवान्यात दर ठरवून दिलेत, आणि तळटीप यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. व्हिस्की अर्ध्या पाइंटला १२½ सेंट. एका वेळचं जेवण २५ सेंट. रात्रीचा मुक्काम १२½ सेंट.

पेठकर:
हे तर आणे आहेत!

खतावणी:
अगदी. डॉलरचे शंभर सेंट कायद्याने झाले होते, पण गल्ल्यात स्पॅनिश नाणी फिरायची. स्पॅनिश डॉलरचे आठ रिआल, एक रिआल म्हणजे १२½ सेंट, त्याला लोक 'बिट' म्हणत. अर्धा रिआल ६¼. दीड रिआल १८¾. रुपयाचे सोळा आणे डोळ्यांसमोर ठेवा: ६¼ म्हणजे आणा, १२½ म्हणजे दोन आणे, १८¾ तीन आणे, ३७½ सहा आणे. अमेरिकेत आजही पाव डॉलरला 'टू बिट्स' म्हणतात, म्हणजे आपली पावली. परदेशी नाण्यांची कायदेशीर मान्यता तिथे १८५७ साली गेली, आपले आणे १९५७ साली गेले. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने मात्र भाव आठव्या-सोळाव्या भागांत सांगायची सवय २००१ पर्यंत सोडली नाही.

अनुवादात सेंट तसेच ठेवा, 'दोन आणे' करू नका, नाहीतर वाचक स्प्रिंगफील्डमधून थेट सांगलीत पोचेल. पण 'बिट' आला की एका ओळीत ही फोड द्या. पन्नाशीपुढच्या वाचकाला दुसरं काही समजावावं लागणार नाही.

कपबशी:
सब्स्क्रायबर राहिला. तिथे पाय घसरू शकतो म्हणून सांगते. 'द सब्स्क्रायबर रिस्पेक्टफुली इन्फॉर्म्स द पब्लिक' याचं 'वर्गणीदार जनतेस नम्रपणे कळवतात' असं भाषांतर मी एका ठिकाणी प्रत्यक्ष छापलेलं पाहिलंय. वर्गणीदार कशाला माल विकेल? सब्स्क्राइब म्हणजे खाली लिहिणं, खाली सही करणं. हा सब्स्क्रायबर म्हणजे जाहिरातीच्या तळाशी ज्याचं नाव आहे तो दुकानदार. आपल्या दस्तऐवजांत याला जसाच्या तसा शब्द आहे: 'खाली सही करणार'. आणि अख्ख्या वाक्याचा साचा वकिलांच्या नोटिशीत रोज छापून येतो: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की'. त्या जाहिरातींचा सूर तोच आहे. आजच्या जाहिरातीसारखं गिऱ्हाइकाला 'तू' म्हणून गळ्यात पडणं नाही. फार तर मोठ्या अक्षरांत 'नवा माल!' आणि खाली, हा माल नुकताच फिलाडेल्फियाहून आलाय.

तळटीप:
हे फिलाडेल्फिया सारखं का येतं? जवळ सेंट लुइस आहे की.

पेठकर:
बडे दुकानदार वर्षातून एकदा-दोनदा स्वतः पूर्वेकडे जाऊन माल भरायचे. तो नदीमार्गाने आगबोटीतून यायचा, शेवटचा पल्ला बैलगाडीने किंवा घोडागाडीने. आठवडेच्या आठवडे लागायचे. त्यामुळे 'नुकताच आला' ही खरोखरच बातमी होती. हीच जाहिरात पुढे तीन महिने तशीच छापून येते आणि 'नुकताच' तसाच राहतो, ते सोडा. तळाशी बारीक 'टीएफ' दिसेल, ती छापखान्यातल्या जुळाऱ्यासाठी खूण: 'टिल फॉरबिड', म्हणजे बंद करा सांगेपर्यंत चालू ठेवा. अनुवादात गाळा.

तळटीप:
आणखी एक, 'कंट्री प्रोड्यूस टेकन इन एक्स्चेंज'. मी 'वस्तुविनिमय' लिहिलंय.

विदर्भवासी:
शाळेचं पुस्तक वाटतं. लोणी, अंडी, मेण, पिसं, कातडी घेऊन बाई दुकानात आलीय आणि बदल्यात छीट मागतेय. 'शेतमालाच्या बदल्यातही माल मिळेल' एवढंच लिहा. आमच्या गावी आजी सुपात ज्वारी घेऊन वाण्याकडे जायची आणि गूळ घेऊन यायची, तिला वस्तुविनिमय सांगितला असता तर सूपच फेकून मारलं असतं. बलुतंही लिहू नका, ते वर्षाचं ठरलेलं असतं, हा रोखठोक व्यवहार आहे, फक्त नाण्याविना. वहीत दोन्ही बाजूंना डॉलरमध्येच मांडायचे.

कपबशी:
उधारीचं पण बघा. १५ एप्रिल १८३७ ला लिंकन खोगिरातल्या दोन थैल्या घेऊन स्प्रिंगफील्डला आला आणि जोशुआ स्पीडच्या दुकानात एका माणसाच्या अंथरुणाची किंमत विचारली. गादी, चादरी, उशी, ब्लँकेट मिळून १७ डॉलर. लिंकन म्हणाला, स्वस्त असेल, पण माझ्याकडे पैसे नाहीत. नाताळपर्यंत उधार द्या, वकिली चालली तर तेव्हा देईन. स्पीडने माडीवरची आपलीच दुजोडी खाट दाखवली. लिंकन थैल्या वर ठेवून आला आणि म्हणाला, झालं, स्पीड, मी मुक्कामाला आलो. त्याच तारखेच्या 'संगामो जर्नल'मध्ये 'स्टुअर्ट आणि लिंकन, वकील' अशी छोटी चौकट आहे, ऑफिस हॉफमन्स रो, नंबर ४, माडीवर. याला तिकडे 'कार्ड' म्हणत. व्हिजिटिंग कार्ड नव्हे, पेपरातली ओळख-जाहिरात. आणि वकिलाच्या पाटीला 'शिंगल'. 'हंग आउट हिज शिंगल' म्हणजे आपलं 'पाटी लावली', एक अक्षर बदलायला नको.

तळटीप:
शेवटचं विचारतो. न्यू सेलमच्या दुकानाबद्दल लिंकनने स्वतः लिहिलंय, 'द स्टोअर विंक्ड आउट'. मी 'दिवाळं निघालं' केलंय. विंक आउट म्हणजे दिवा लुकलुकत विझणं, आणि दिवाळखोर सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा म्हणून 'दिवाळं', असा खुलासा ऐकलाय. दिव्याला दिवा मिळाला.

खतावणी:
मिळाला, पण तुमचा दिवा लावायचा आहे आणि त्याचा विझतोय. शिवाय दिवाळं काढणारा हात वर करतो. बेरी १८३५ च्या जानेवारीत वारला आणि त्याच्या वाट्याचं कर्जही लिंकनच्या गळ्यात आलं. कोर्टाचा हुकूम होऊन त्याचा घोडा, खोगीर आणि जमीनमोजणीची साधनं लिलावात निघाली. एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्याला परत दिली. देणं फेडायला पुढे बरीच वर्षं गेली, पण फेडलं. 'दुकान बसलं' लिहा. त्या कर्जाला तो स्वतः 'नॅशनल डेट' म्हणायचा. ते 'राष्ट्रीय कर्ज' असंच ठेवा, समजावायला जाऊ नका.