मदत हवी आहे: सबॅटिकलवरच्या प्राध्यापकांचं मत दुसऱ्याने दिलं, आता काय?

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर आहे, तिसरं वर्ष. इथे शिकवणाऱ्या मंडळींकडून सल्ला हवाय.

गेल्या आठवड्यात विभागाच्या मीटिंगमध्ये पीएचडीची पात्रता परीक्षा बदलायचा ठराव ७ विरुद्ध ६ मतांनी पास झाला. खोलीत माणसं मात्र १२च होती. तेरावं मत सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) असलेल्या एका ज्येष्ठ सरांचं. त्यांनी चेअरला, म्हणजे विभागप्रमुखांना, मेल टाकली होती की माझं मत अमुक एक सहकारी देतील. त्या सहकाऱ्यांनी दोनदा हात वर केला. ते मत काढलं तर ६-६, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो.

त्यातही मला जास्त खटकलं ते हे, की चर्चेत ठरावाला दुरुस्ती आली. लेखी परीक्षेच्या जागी शोधनिबंध आला. सरांना याचा पत्ताच नव्हता. मग त्यांचं मत पडलं कशावर?

आमचे बायलॉज जेमतेम दोन पानी. प्रॉक्सीबद्दल, म्हणजे गैरहजर माणसाचं मत दुसऱ्याने देण्याबद्दल, त्यात अक्षर नाही, 'बाकी बाबतीत रॉबर्टचे नियम' एवढंच. हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरने १८७६ मध्ये काढलेलं ते सभा चालवायच्या नियमांचं पुस्तक. त्याच्या आताच्या आवृत्तीनुसार कायद्यात किंवा बायलॉजमध्ये सोय नसेल तर प्रॉक्सी नाही. मत हजर सभासदाचंच. (आपल्याला प्रॉक्सी म्हणजे लेक्चरला मित्राची हजेरी लावणं एवढंच माहीत!) बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते फोनवर म्हणाले, "सहकार कायदा, कलम २७. मत ज्याचं त्यानेच द्यायचं." कंपनीच्या सभेत प्रॉक्सी चालते, पण तिथे शेअर मोजतात.

अडचण अशी की बायलॉज सुधारायच्या समितीवर मला बसवलंय, आणि सबॅटिकलवरचे हेच सर उद्या माझ्या टेन्युअरवर (कायम नोकरीवर) मत देणार. आक्षेप घ्यायची वेळ गेली का? घ्यावा तर कोणी?

शिवाय लेक्चरर मंडळींना (फक्त शिकवण्यासाठी नेमलेल्यांना) मत द्यायचं का, हाही वाद आहेच. नमुना म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बायलॉ ५५ वाचतोय. नेमणुका-बढत्यांवरचा मताधिकार सिनेटमधल्या (तिथल्या प्राध्यापकांच्या अधिकृत मंडळातल्या) खालच्या श्रेणींना द्यायचा तर आधीच्या मतदारांचं दोन-तृतीयांश गुप्त मतदान लागतं. पण साधे लेक्चरर त्या सिनेटमध्येच नसतात, त्यामुळे आमचा प्रश्न तसाच.

प्रतिसाद:
साधा हरकतीचा मुद्दा तिथल्या तिथे घ्यावा लागतो. पण हजर नसलेल्याचं मत मोजणं हा मूलभूत तत्त्वाचा भंग धरतात, आणि इथे निकालच त्या एका मतावर फिरलाय. म्हणजे हरकत पुढच्या बैठकीतही घेता येईल. तरी तू पुढे होऊ नकोस. टेन्युअर मिळालेल्या कोणाला तरी पास झालेला ठराव रद्द करण्याची पूर्वसूचना द्यायला सांग. सूचना आधी दिली असेल तर साधं बहुमत पुरतं, आणि कोणाच्या मेलबद्दल चकार शब्द काढावा लागत नाही. मसुद्यात मात्र प्रॉक्सी नाही हे स्वच्छ लिही. बाहेरगावच्यांना व्हिडिओवरून हजर राहायची सोय दे, म्हणजे त्यांना दुरुस्तीही ऐकू येईल.

धागाकर्ता:
आभार. व्हिडिओचं कलम आजच घालतो. आमच्यात टेन्युअरवाले आठ आहेत, त्यातले दोघं त्या सरांशी बोलत नाहीत. आधी त्यांनाच गाठतो.