न दिसणारा कान खोडायला लावला. चुकलं का?

रेघोट्या:
मी दुसरीची वर्गशिक्षिका. भाषा-गणित होतंच, यंदा कलाशिक्षक नाहीत म्हणून चित्रकलाही गळ्यात पडली. (माझं मांजर आजही उशीसारखं दिसतं, हे आधीच सांगून टाकते.)

दोन महिने मी फळ्यावर काढायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं, असं चाललं. ३४ वह्यांत ३४ सारखी बदकं, आणि तीही माझ्यापेक्षा बरी, म्हणून मी खूश. मग वाटलं, आता वस्तू समोर ठेवून काढायला लावू. टेबलावर पांढरा कप ठेवला. कान मागच्या बाजूला, पुढे निळं फूल. वर्गातून फिरते तर जवळजवळ प्रत्येक कपाला भलामोठा कान! फूल मात्र मोजून चौघांनी काढलेलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, "इथून कान दिसतोय का तुला? नाही ना? मग खोड." तिनं खोडला. कागद फाटेस्तोवर खोडला. आणि हळूच म्हणाली, "बाई, आता हा तुटका झाला."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. माझं चुकलं का? आणि चुकलं असेल, तर या वयाला शिकवायचं म्हणजे काय करायचं? "काढा मनाला येईल ते" म्हणून खुर्चीत बसायचं?

खडूबाजी:
ताई, तुम्ही नकळत एक गाजलेला प्रयोग करून बसलात. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून यांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे असाच कप ठेवला होता, कान मागे आणि फूल पुढे. लहानांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं. साधारण आठच्या पुढची मुलं दिसेल तसं काढू लागली. लुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९२७ मध्येच याला 'बौद्धिक वास्तव' म्हटलं होतं. मूल डोळ्यांपेक्षा माहितीवर जास्त भिस्त ठेवतं. कान नाही तर तो कप कसला? तुमच्या मुलीनं हेच पाच शब्दांत सांगितलं.

त्यामुळे खोडायला लावू नका. पण हात बांधून बसायचंही कारण नाही. पुढच्या वेळी दोन सारखे कप शेजारी ठेवा, एकाचा कान दिसणारा, दुसऱ्याचा मागे. १९८३ मध्ये हेही करून पाहिलं गेलंय. जोडीनं ठेवले की बरीच लहान मुलं दुसऱ्याचा कान आपणहून गाळतात, कारण आता दोघांतला फरक दाखवायचा असतो. सांगून जे होत नाही ते नुसत्या मांडणीनं होतं. आणि ती बदकं बंद करा हो!

ओला ब्रश:
मी सिद्धांतातला नाही, रंगाच्या डबड्यातला. पहिलीला बारा रंग एकदम दिलेत की पाचव्या मिनिटाला सगळ्यांच्या ताटलीत चिखल. दोनच द्या. पिवळा भरपूर, आणि निळा काडीच्या टोकावर येईल एवढाच, तोही थोडा थोडा मिसळायचा. उलट केलंत तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो आणि मग डबाभर पिवळा ओतला तरी हिरवा उजळत नाही. कोणाचे किती हिरवे झाले ते मोजा, प्रत्येकाला नाव द्यायला सांगा. आमच्याकडे एकाचं नाव होतं 'बेडकाचं पोट'. अख्खा तास त्यात जातो. चित्र होत नाही, न होऊ दे.

कात्रीचं एक. पातळ कागद पात्यात दुमडतो आणि मूल रडकुंडीला येतं, म्हणून सुरुवातीला जाडसर कागद. डावखुऱ्यांना डावखुरी कात्री. उजव्या कात्रीत त्यांची कापायची रेघ पात्याआड जाते आणि आपण म्हणतो, हाताला वळण नाही.

पाठकोरा:
सगळे चित्रावरच बोलताहेत, डिझाईन राहिलं. सोपं आहे. शेजाऱ्याच्या खोडरबरासाठी घर बनवायचं. स्वतःच्या नाही, शेजाऱ्याच्या! आधी त्याला विचारायचं की रबर हरवतो, मळतो की कोणी पळवतं. उत्तरावरून झाकण हवं की खिडकी ते ठरतं. पुठ्ठ्यावर घडीच्या जागी शाई संपलेल्या पेनानं रेघ दाबून ओढली की घडी सरळ येते, हे तेवढं तुम्ही दाखवा. मग घर दप्तरात टाकून दप्तर हलवायचं. रबर बाहेर पडला तर परत कात्री हातात. माझ्या वर्गात सुबक घरांची दाणादाण उडाली. टिकलं ते सगळ्यात ओबडधोबड, कारण त्या पोरानं झाकणाला खाच केली होती.

रेघोट्या:
रबराची घरं पुढच्या आठवड्यात. आज दोन कप ठेवले. काहीही सुचवलं नाही. (जीभ चावून उभी होते.) निम्म्याहून जास्त मुलांनी दुसरा कप कानाशिवाय काढला. बाकीच्यांनी दोन्हींना कान दिले, मी काही बोलले नाही.

त्या मुलीनंही दुसरा बिनकानाचा काढला. म्हटलं, चला, जमलं. एवढ्यात तिनं कागद उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला, जागा नीट पाहून घेतली, आणि पालथा घालून मागच्या बाजूला कान काढला.