नमुना कधी घेतला, हेही पाहावे

रक्ताच्या एका चाचणीवरून पक्षाघाताचा रुग्ण कितपत सावरेल हे सांगता येईल का, या प्रश्नात वेळेचा मुद्दा राहून गेला आहे. मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्यावर कोपेप्टिन (शरीरावरील ताणाबरोबर रक्तात वाढणारा एक घटक) काही तासांतच वाढते, तर चेतातंतूंच्या हानीतून रक्तात उतरणारे न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन पुढील दोन-तीन आठवडे वाढत राहते. त्यामुळे पहिल्या दिवशी त्याचा आकडा कमी दिसला म्हणून इजा लहान आहे, असे मानता येत नाही. सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन तर न्यूमोनियानेही वाढते (आणि गिळण्यास त्रास होणाऱ्या या रुग्णांत तो विरळ नाही). वय आणि एनआयएचएसएस या पक्षाघाताची तीव्रता ० ते ४२ गुणांत मोजणाऱ्या तपासणीवरून बांधलेल्या अंदाजात अशा चाचण्यांनी घातलेली भर आजवर बहुधा माफकच आढळली आहे.