रस्ता बजेटमध्ये आला म्हणे, पण कागदावर 36000 आणि 100 असं काय लिहिलंय?

तापीकाठचा
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातला आहे, गावाचं नाव राहू द्या. पावसाळी अधिवेशन संपलं तसं आमच्या आमदारांनी गावात बैठक घेतली, मारुतीच्या सभामंडपात, बाहेर झडी लागलेली तरी माणसं बरीच होती. खरं सांगतो, माणूस आला तरी, आधीचे निवडून आल्यावर तोंड दाखवत नव्हते. मी सभागृहात अमुक बोललो, बांधकाम खात्याच्या मागण्यांवर तमुक बोललो, तुमचा रस्ता मार्चच्या बजेटमध्येच घेतला, असं सगळं सांगितलं आणि एक झेरॉक्स वाटली. त्यात आमच्या रस्त्यासमोर एका रकान्यात 36000, दुसऱ्यात 100. आमचे तात्या उभे राहून म्हणे, साहेब छत्तीस हजारात तर मुरूम पण नाही पडत! सगळे हसले, आमदार पण हसले, आणि विषय तिथेच मिटला. आता रस्त्याची अशी गत आहे की केळीची गाडी वावरापर्यंत येतच नाही, ट्रॅक्टरने माल हायवेला न्यावा लागतो आणि व्यापारी वरून भाव पाडून मागतो. कुणाला हे आकडे समजतात का?

रावेरचा_गडी
तात्या जिंदाबाद 😂 आमच्याकडे पण तेच भाऊ. कागदवर बठ्ठं शे, रस्तावर काहीच नही.

आप्पा_रिटायर्ड
बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, लोक अजून ओव्हरसियरच म्हणतात. भाऊ, त्या झेरॉक्सचा वरचा उजवा कोपरा बघा, बारीक अक्षरात "रुपये हजारात" लिहिलेलं असेल. म्हणजे 36000 हे झाले 3 कोटी 60 लाख, ती कामाची किंमत. आणि 100 म्हणजे 1 लाख, ती यंदाची तरतूद. तात्या हसण्यावारी गेले पण खरा प्रश्न त्यांनी दुसऱ्या रकान्यावर विचारायला पाहिजे होता. याला आम्ही टोकन म्हणायचो. खात्याकडे पैसा मोजका आणि प्रत्येक आमदाराला आपापला रस्ता बजेटच्या पुस्तकात पाहिजे, मग सगळ्यांची नावं बसवायची आणि समोर चिमूटभर तरतूद टाकायची. नाव आलं एवढंच.

पुस्तकात नाव आल्यावर प्रशासकीय मान्यता, मग एस्टिमेटला तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, आणि एवढं होऊन काम झालं तरी बिल निघायला बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, पैसे सुटावे लागतात. ते सुटले नाहीत की ठेकेदार खडी पसरून गायब होतो, मग लोक त्याला शिव्या देतात. तिजोरीचं म्हणाल तर 10 मार्च 2025 ला अजित पवारांनी बजेट मांडलं तेव्हाच महसुली तूट 45,891 कोटी दाखवली होती, आणि जूनअखेर पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच मागितलेला जादा पैसा, आल्या. त्या पुरवणीत तुमच्या कामाची तरतूद वाढली का, हे विचारा. नसेल तर डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात परत संधी असते, आणि मग मार्च. आमदाराने मागे लागायचं असतं ते इथे, भाषणात नाही.

सुनंदाताई
आप्पा बरोबर बोलले पण आधी एक बघा, तो रस्ता आहे कुणाचा? मी ग्रामपंचायत सदस्य आहे, आमच्या रस्त्याचे दोन वर्षं यातच गेले. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग बांधकाम खात्याचे. जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर बांधकाम खात्याने काम करायचं तर ना हरकत पाहिजे, नाहीतर दर्जोन्नती करून घ्या, म्हणजे रस्ता वरच्या वर्गात घालून घ्या. आमच्याकडे बजेटमध्ये नाव आलं, सत्कार झाला, फटाके फुटले आणि ना हरकतीचा कागद टेबलावर पडून. आणि गावातला आतला काँक्रीटचा तुकडा असेल तर तो पंचवीस-पंधरातून, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या 2515 या हेडमधून होतो, त्याचा या पुस्तकाशी संबंध नाही.

फैजपूरकर
म्हणजे आमदार खोटं बोलला ना सरळ? आमच्याकडे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडचं पण प्रत्येक जण सांगतो मी आणला मी आणला, तो राष्ट्रीय महामार्ग आहे, पैसा दिल्लीचा.

आप्पा_रिटायर्ड
खोटं नाही हो म्हणता येणार. नाव बसवायला पण खेटे घालावे लागतात, टोकन नसेल तर पुढे वाढवणार काय. फक्त 3 कोटी 60 लाख मंजूर झाले असं सांगितलं असेल तर ते अर्धवट. सभागृहात काय बोलले ते विधिमंडळाच्या वेबसाईटवर कार्यवाहीत वाचायला मिळतं, मंत्र्याने उत्तरात कामाचं नाव घेतलं का नुसतं "तपासून घेतो" म्हटलं ते बघा. आणि आमदाराला विचारताना रस्ता कधी होईल असं नका विचारू, दसरा-दिवाळी सांगतील. प्रशासकीय मान्यतेचा नंबर आणि तारीख मागा.

तापीकाठचा
आप्पा, कोपऱ्यात खरंच "हजारात" होतं, चष्मा लावून सापडलं. पीएला फोन लावला, मान्यतेचा नंबर मागितला तर दोन मिनिटं शांत, मग म्हणे तुम्ही कोणत्या खात्यात आहात? 😄 म्हटलं केळीच्या. बघून सांगतो म्हणाला. बुधवारी चोपड्याला ऑफिसात जाऊन येतो. ताई, रस्ता कुणाचा ते कुठे कळेल?

सुनंदाताई
ग्रामपंचायतीत रस्त्यांचं रजिस्टर असतं, ग्रामसेवक भाऊसाहेबांना दाखवायला लावा. नंबर, लांबी सगळं असतं त्यात. फोटो काढून घ्या, नुसतं ऐकून येऊ नका.

तापीकाठचा
पाहिलं ताई. ग्रामीण मार्गच निघाला, म्हणजे ना हरकत लागणारच. आणि अजून एक भानगड, रजिस्टरात लांबी साडेतीन किलोमीटर आणि आमदारांच्या कागदावर चार. मधला अर्धा किलोमीटर म्हणजे नाल्याचा तुकडा, जिथे गाड्या फसतात तोच. आता तो कुणाचा धरायचा?

आप्पा_रिटायर्ड
तोच आधी लिहून द्या अर्जात. टेंडर निघाल्यावर कुणी ऐकणार नाही.