दुसऱ्याले मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) करायचं तं कोणते हक्क द्यायचे आन कोणते नाही?

कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा)
राजेहो, सल्ला पाहिजे. माझं एक छोटं ओपन सोर्स (कोड सगळ्याइले खुला) अँड्रॉइड ॲप आहे, कापूस वेचणीचा हिशोब ठेवायचं. कोणत्या बाईनं आज किती किलो वेचला, काय भाव, उचल किती घेतली आन बाजाराच्या दिवशी हातात किती द्यायचे, बस एवढंच, पण आमच्या पट्ट्यात बरेच जण वापरून राहिले. कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) माझ्या पर्सनल अकाउंटवर आहे, ॲप प्ले स्टोअर आन एफ-ड्रॉइड (ओपन सोर्स ॲपचं स्टोअर) दोन्हीकडे. अडचण अशी का दिवाळीनंतर वेचणी जोरात असते तेव्हाच लोकाइचे प्रश्न येते आन तेव्हाच मी दिवसभर वावरात, रात्री लाइन आली तं ओलिताले जा लागते, तं पुल रिक्वेस्ट (कोडात हा बदल घ्या म्हणून लोकाइनं पाठवलेल्या विनंत्या) पडून राहते.
एक जण गेल्या हंगामापासून मदत करून राहिला, काम एक नंबर. पहिल्या वेच्याचा भाव वेगळा अन् शेवटच्या वेच्याले बाया जास्त मागते कारण बोंडं कमी राहते, तं त्यानं तारखेनुसार भाव ठेवायची सोय बनवली, टेस्टसकट, आन कोड लिहायच्या आधी मले विचारलं का भाव सकाळीच ठरते का संध्याकाळी काट्यावर वजन झाल्यावर. असं विचारणारा माणूस भेटत नाही. पण त्याचा चेहरा मी पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. त्याले मेंटेनर करू का? हा बायांच्या मजुरीचा हिशोब आहे, गडबड झाली तं भांडण माझ्या दारात येईन.

धामनदीकाठ (वर्धा)
भाऊ, चांगलं काम केलं म्हणून विश्वास टाकला आणि तिथंच घात झाला याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे एक्सझेड. फाइल कॉम्प्रेस करायची ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि सांभाळत होता एकटा माणूस, तोही फुकट. "जिया तान" नावाचं अकाउंट दोनेक वर्षं नीट पॅचेस (कोडातले बदल) पाठवत राहिलं, मध्येच दुसरी अनोळखी अकाउंटं येऊन जुन्या मेंटेनरच्या मागे लागली की तुमच्यानं होत नाही, दुसऱ्याला द्या. तो थकलेला होता, त्यानं हक्क दिले. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आलं, त्यानंतर ५.६.१, आणि दोन्हीत बॅकडोअर, म्हणजे चोरून आत शिरायची वाट. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएचचं (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायचं साधन) लॉगिन साधारण अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून तो खोदत गेला, आणि २९ मार्चला त्यानं जाहीर केलं.
यातली एक गोष्ट नीट बघा. बॅकडोअर चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडात) नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायला बांधलेल्या फाइलीत) घातली होती. म्हणजे कोड मर्ज कोण करतो (मुख्य कोडात कोण मिसळतो) यापेक्षा रिलीज कोण बांधतो हा प्रश्न मोठा. तुमचं एफ-ड्रॉइडचं ॲप तेच लोक सोर्सवरून स्वतः बांधतात, तिथं ही फट बरीच बुजते. प्ले स्टोअरची बाजू मात्र तुमच्याच हातात ठेवा.
आणि कोणी घाई करत असेल, "लवकर हक्क द्या, लोक वाट पाहतात" असा सूर असेल, तर तेवढ्या कारणावरून थांबा.

मेळघाटचा_पोट्टा
वरचं सगळं बरोबर पण दुसरी बाजूबी आयका. मी एका प्रोजेक्टवर बरेच महिने काम केलं, मालक चार चार महिने मर्जच करे ना, हक्क मागितले तं "पाहू" म्हणे, शेवटी मी सोडून देलं आन आता त्या प्रोजेक्टचे इश्यू (लोकाइच्या तक्रारी-प्रश्न) उघडेच पडून आहे. फुकट काम करणाऱ्याले तुम्ही संशयित म्हणून ठेवसान तं तो किती दिवस थांबन? माणूस चांगला आहे का वाईट हे तुम्ही वावरात बसून नाहीच ओळखू शकत, म्हणून असं करा का तो वाईट निघाला तरी नुकसान थोडं होईन.
पर्सनल अकाउंटवर कोलॅबोरेटर केला का तो सरळ कोड ढकलू शकते, मधली पायरीच नाही. गिटहबवर ऑर्गनायझेशन (टीमचं अकाउंट) बनवा, फुकट आहे. तिथं ट्रायेज नावाचा हक्क आहे, त्यात इश्यूले लेबल लावता येते, बंद करता येते, कोडले हात लागत नाही. हंगामात तुमचं अर्धं ओझं तिथंच उतरते. मग काही महिन्यानं राइट (कोड बदलायचा हक्क) द्या, पण मेन ब्रँचवर (मुख्य कोडावर) प्रोटेक्शन लावून, का दुसऱ्यानं तपासल्याशिवाय मर्ज होणार नाही. हे तुमच्यालेबी लागू करा, त्याले अपमान वाटणार नाही.

वैनगंगाकाठ (भंडारा)
मोठ्या प्रोजेक्टमध्येही हक्क असेच तुकड्यानं देतात. डेबियन या लिनक्समध्ये डेबियन मेंटेनर झाला की त्याला परवानगी मिळालेली पॅकेजेसच अपलोड करता येतात, सगळं आर्काइव्ह (पॅकेजेसचं भांडार) उघडं होत नाही, त्यासाठी पुढं डेबियन डेव्हलपर व्हावं लागते. तिथं कोणीतरी जुना माणूस तुमच्यासाठी शब्द टाकतो. अपाची या ओपन सोर्स संस्थेत कमिटर (कोड बदलायचा हक्क असलेला) कोणाला करायचं हे त्या प्रोजेक्टची कमिटी मतदानानं ठरवते.
तुमची कमिटी नाही, मान्य. पण एकदा त्याच्याशी व्हिडिओ कॉल करा, मराठीत मनमोकळं बोला. पुरावा म्हणून नाही, सोबत काम करणारा माणूस माहीत असावा म्हणून. टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा पुरावा) दोघांच्याही अकाउंटला पाहिजेच, पायपीआयनं (पायथॉनच्या पॅकेजेसचं भांडार) तर २०२४ पासून सक्तीच केली.

कपाशीवाला
लय आभार सगळ्याइचे. साइनिंग कीचं (ॲप माझंच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) कसं करू? मले काही झालं तं ॲप मरून जाईन ही पण भीती आहे.

धामनदीकाठ
की बदलली तर जुन्या ॲपवर नवं सहसा बसत नाही, काढून टाकून परत टाकावं लागते आणि त्यात फोनमधला हंगामाचा हिशोब जातो, म्हणून हे डोक्यात ठेवूनच ठरवा. प्लेवर ॲप साइनिंग चालू असेल तर मूळ की गूगलकडे असते, तुमची फक्त अपलोड की (गूगलकडे ॲप पाठवायची), ती हरवली तर रीसेट होते. त्या मित्राला प्ले कन्सोलमध्ये फक्त टेस्टिंग ट्रॅकवर (तपासणाऱ्यांपुरतं) रिलीज टाकायचा हक्क देता येतो. प्रोडक्शनचं (सगळ्यांसाठी सोडायचं) बटण तुमच्याकडे, आणि कन्सोलचा दुसरा ॲडमिन घरातला किंवा गावातला भरवशाचा माणूस.

कपाशीवाला
हे जमते. लहान भाऊ अमरावतीले शिकून राहिला, त्याले ॲडमिन करतो. ऑर्गनायझेशन आज रात्रीच बनवतो, त्या मित्राले ट्रायेज देतो आन हे सगळं काहून असं ठेवलं ते त्याले मोकळं सांगतो. कोणाले काय हक्क आन ते कसे वाढते हे रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) मराठीतच लिहून टाकतो, कोणी वाचून चुकलं-माकलं सांगसान का?

मेळघाटचा_पोट्टा
लिंक टाका भाऊ, मी वाचतो. त्यात हेबी लिहा का सहा महिने कोणी दिसला नाही तं हक्क आपोआप काढू, परत आला का परत देऊ.