लक्षद्वीपमध्ये विहिरीला गोडं पाणी लागतं कसं?

नकाशावाचक:
लक्षद्वीपची बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. नदी नाही, ओढा नाही, तरी विहिरीला गोडं पाणी. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव-साखरबाव या गोड्या विहिरींसारखाच प्रकार का? आणि पंप लावला की पाणी मचूळ होतं म्हणतात, ते कशामुळे?

पाणाडी:
दूधबावची गोष्ट निराळी, तो किल्ला आहे ते कुरटे बेट खडकाचं आहे. ही प्रवाळाची कंकणद्वीपं, म्हणजे कड्याच्या आकाराची बेटं. वर प्रवाळाची वाळू आणि चुनखडक, सगळं चाळणीसारखं. पाऊस थेट खाली मुरतो आणि समुद्राच्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगतो, मध्ये जाड, कडांना पातळ. गोड्या पाण्याची घनता १.०००, खाऱ्याची १.०२५. या फरकामुळे वर जेवढं, त्याच्या चाळीसपट खाली: गोडं पाणी समुद्रापेक्षा १० सेंमी वर उभं असेल, तर खाली ४ मीटर असायला हवं. हे झालं कागदावर. भरती-ओहोटीच्या घुसळणीनं मधला बराचसा थर मचूळच होतो.

हेच गणित पंपाला उलटं लागतं. पातळी ५ सेंमी उतरली, की खालचं खारं पाणी २ मीटर वर चढू पाहतं. पंपाखाली सुळका तयार होतो आणि तो एकदा विहिरीत शिरला की उपसा थांबवून पावसाळ्याची वाट बघायची. म्हणून विहीर उथळ आणि रुंद हवी, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड) पाण्याच्या पृष्ठभागालगत, पंप लहान आणि उपसा दिवसभरात थोडाथोडा. बोअर तर मारूच नये. खोल गेलं की जास्त पाणी, हा आपला देशावरचा हिशोब तिथं चालत नाही.

शिंपला:
भर घालतो. बेट जितकं रुंद तितकं भिंग जाड. अगत्ती बेटाच्या दक्षिण टोकाला, धावपट्टी आहे तिथं, जमीन इतकी चिंचोळी की गोडं पाणी फारसं टिकणारच नाही. दुसरं, वाळूतून पाणी गाळून निघायच्या आत खाली पोचतं, त्यामुळे संडासाचा शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर खारटपणाआधी जंतूंची काळजी करा.

नकाशावाचक:
मग कवरत्ती बेटावरच्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाचं काय? तो कोकणात का नाही करत?

शिंपला:
तो २००५ पासून आहे, दिवसाला १ लाख लिटरचा. समुद्राचं वरचं सुमारे २८ अंशांचं पाणी निर्वात टाकीत सोडतात. दाब कमी, म्हणून त्यातलं थोडं तेवढ्या उष्णतेवरच वाफ होतं. सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करतात. प्रवाळाची कड तिथं सरळ खाली कोसळते, म्हणून इतकी खोली किनाऱ्यालगतच मिळते. मुंबईसमोर समुद्र शेकडो किलोमीटर उथळच आहे, तेवढा लांब पाइप कोण टाकणार?

पाणाडी:
आणि विहीर तपासायची तर मे महिन्यात, भरतीला आणि ओहोटीला दोन्ही वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, दुसरा सोयीचा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जुलैमधला आकडा धरू नका, तेव्हा कुठलीही विहीर गोडच असते.